विश्लेषण : ग्राफिक्स कार्ड खरोखर किती वेगवान? गेममधील चाचण्यांचे आकडे कसे वाचायचे?

‘आरटीएक्स ५०७०’ हे ५४९ डॉलरचे ग्राफिक्स कार्ड ‘आरटीएक्स ४०९०’ या १,५९९ डॉलरच्या कार्डाइतकी कामगिरी देईल, असा दावा एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ६ जानेवारी २०२५ रोजी लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात केला. भारतात या दोन कार्डांच्या कंपनीने जाहीर केलेल्या सुरुवातीच्या किमती अनुक्रमे ५९ हजार आणि १ लाख ५५ हजार रुपये. मार्चमध्ये नवे कार्ड बाजारात आले तेव्हा स्वतंत्र चाचण्यांत ते ४०९० पेक्षा बरेच मागे पडले. तरीही दावा अगदीच हवेत केलेला नव्हता. त्यामागे एक अट होती. ही अट, गेमच्या साह्याने होणाऱ्या चाचण्यांची पद्धत आणि त्यातून ग्राहकाच्या हाती काय लागते, याविषयी...

नेमका दावा काय होता?

आरटीएक्स ४०९० हे ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेले, त्या पिढीतील सर्वांत शक्तिशाली कार्ड. त्यात १६,३८४ गणनकेंद्रे आणि २४ जीबी मेमरी. नव्या ५०७० मध्ये ६,१४४ गणनकेंद्रे आणि १२ जीबी मेमरी. म्हणजे यंत्रसामग्री निम्मी किंवा त्याहून कमी. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे शक्य झाले, असे हुआंग यांनी त्याच भाषणात सांगितले होते. नव्या ‘डीएलएसएस ४’ तंत्रात कार्ड एक फ्रेम प्रत्यक्ष तयार करते आणि तिच्या जोडीला जास्तीत जास्त तीन फ्रेम अंदाजाने घालते. ही चौपट करण्याची सोय फक्त ५० मालिकेतील कार्डांना आहे. ४०९० ला जास्तीत जास्त दुप्पट करता येते. एकाची चौपट आणि दुसऱ्याची दुप्पट अशी तुलना केली तर काही गेममध्ये पडद्यावर दिसणारा आकडा जवळपास येऊ शकतो. ही सोय दोन्हीकडे बंद केली की ५०७० ची कामगिरी साधारण ‘४०७० सुपर’ या जानेवारी २०२४ मधील ५९९ डॉलरच्या कार्डाच्या आसपास येते, असे बहुतेक स्वतंत्र चाचण्यांत दिसले.

गेममधून कार्डाची चाचणी कशी घेतात?

सिनेमात सेकंदाला २४ चित्रे आधीच तयार असतात. ती फक्त दाखवायची असतात. गेममध्ये खेळाडूने मान वळवली की समोरचे चित्र त्याच क्षणी नव्याने तयार करावे लागते. सेकंदाला अशी किती चित्रे तयार झाली, याचा आकडा म्हणजे ‘एफपीएस’. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी कार्डाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रकाश, सावल्या, प्रतिबिंबे, धूर, गर्दी हे सारे रंगवून मोकळे व्हायचे असते.

रिझोल्युशन वाढले की काम वाढते. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, तर ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. चाचणी घेणारे गेममधील एक ठरावीक प्रसंग निवडतात, रिझोल्युशन व सेटिंग पक्की करतात आणि तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चालवतात. संगणकातील बाकी सर्व भाग तेच ठेवून फक्त कार्ड बदलले जाते. पद्धत साधी आहे, पण प्रसंग कोणता, सेटिंग कोणती आणि कोणता आकडा छापायचा, हे तिन्ही निर्णय माणूस घेतो. निकाल बऱ्याचदा तिथेच ठरतो.

त्यासाठी ‘सायबरपंक’च का?

एकेकाळी हा मान ‘क्रायसिस’कडे होता. जर्मनीतील क्रायटेक कंपनीचा हा गेम नोव्हेंबर २००७ मध्ये आला आणि तेव्हाचे महागडे संगणकही त्याच्या सर्वोच्च सेटिंगवर धापा टाकू लागले. नवा संगणक दाखवला की ‘यावर क्रायसिस चालेल का?’ हा प्रश्न ठरलेला असे. २०२० मध्ये गेमची सुधारित आवृत्ती आली तेव्हा कंपनीने सर्वोच्च सेटिंगला त्याच प्रश्नाचे नाव दिले. मात्र क्रायसिस जड असण्याचे कारण केवळ सुंदर जंगल नव्हते. पुढे प्रोसेसरच्या एकेका गाभ्याचा वेग वाढत जाईल, असे गृहीत धरून तो लिहिला गेला. प्रत्यक्षात गाभ्यांची संख्या वाढली, त्यामुळे पुढची कित्येक वर्षे नव्या संगणकांनाही तो अवघड जात राहिला. गेम जड आहे म्हणजे तो कार्डाची शक्तीच मोजतो, असे नाही, हा त्यातला धडा.

आज ती जागा ‘सायबरपंक २०७७’ने घेतली आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने डिसेंबर २०२० मध्ये आणलेला हा गेम सुरुवातीला इतका सदोष होता की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काही महिने काढून टाकला होता. पुढे तो सुधारत गेला. त्यात एक तयार चाचणी दिली गेली. सुमारे मिनिटभराची ही फेरी कुणीही आपल्या संगणकावर चालवून आकडा मिळवू शकतो. एप्रिल २०२३ मध्ये त्यात ‘पाथ ट्रेसिंग’ आले. प्रकाशाचा किरण कुठून निघाला, कशावर आदळून कुठे गेला, याचा हिशेब त्यात होतो. निऑन दिवे, ओले रस्ते आणि काचेच्या इमारतींनी भरलेल्या ‘नाइट सिटी’त हा हिशेब फार मोठा होतो. एन्व्हिडियाने दाखवलेल्या प्रात्यक्षिकात ५०९० हे १,९९९ डॉलरचे कार्डही ४के आणि पाथ ट्रेसिंगवर, कोणत्याही साह्याशिवाय, सेकंदाला ३० फ्रेमच्या आत राहिले. डीएलएसएस ४ चालू करताच आकडा दोनशेच्या पुढे गेला.

या गेमला एक मर्यादा आहे. त्यातील पाथ ट्रेसिंग आणि डीएलएसएस एन्व्हिडियाच्या निकटच्या सहकार्याने आले आहेत. त्यामुळे या एकाच गेममधील, या एकाच सेटिंगवरील आकड्यांवरून एन्व्हिडिया आणि एएमडीच्या कार्डांची तुलना करणे एकतर्फी ठरते. म्हणूनच गंभीर चाचणीकार दहा-पंधरा गेम घेतात. काही जण तयार चाचणीही टाळतात आणि ‘फँटम लिबर्टी’ या विस्तारातील डॉगटाऊनसारख्या अधिक जड भागात स्वतः खेळून मोजतात.

सरासरी आकडा का फसवतो?

समजा, एका सेकंदात ६० फ्रेम तयार झाल्या. त्यातील ५९ फ्रेमना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले आणि एकीला ४०० मिलिसेकंद. बेरीज ९९० मिलिसेकंद. सरासरी ६० एफपीएस, म्हणजे कागदावर उत्तम. खेळणाऱ्याला मात्र दर सेकंदाला जवळपास अर्धा सेकंद चित्र थिजलेले दिसेल. याच कारणाने चांगल्या चाचण्यांत सरासरीच्या शेजारी ‘१ टक्का लो’ हा आकडा असतो. सर्वांत हळू तयार झालेल्या १ टक्का फ्रेमचा वेग तो दाखवतो. सरासरी ९० आणि १ टक्का लो ७० असलेले कार्ड हे सरासरी १०० आणि लो २५ असलेल्या कार्डापेक्षा खेळताना चांगले वाटते.

कार्डाची मेमरी अपुरी पडते तेव्हा हा दुसरा आकडा आधी कोसळतो. चित्रासाठी लागणारी सामग्री कार्डाच्या मेमरीत मावली नाही की ती संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागते आणि मध्येच अडखळणे सुरू होते. काही गेम तर अडखळतही नाहीत; गुपचूप भिंती-कपड्यांचे पोत धूसर करतात. आकडा चांगला राहतो, चित्र बिघडते. हे फक्त डोळ्यांना दिसते, तक्त्यात नाही. ८ जीबीच्या नव्या कार्डांवरून सध्या जो वाद आहे, त्याचे मूळ इथे आहे.

अंदाजाने घातलेल्या फ्रेमनी गणित कसे बदलले?

आतापर्यंत एफपीएसचा आकडा एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असे : चित्र किती सलग दिसते आणि बटण दाबल्यावर गेम किती लवकर प्रतिसाद देतो. कारण प्रत्येक फ्रेम गेमच्या ताज्या स्थितीवरून तयार होई. आता या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या आहेत.

४के पडद्यावर डीएलएसएसची ‘परफॉर्मन्स’ सेटिंग घेतली तर कार्ड प्रत्यक्षात १०८०पी इतकेच चित्र रंगवते आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ते मोठे करते. त्यावर चौपट फ्रेमची जोड दिली तर चार ४के फ्रेममधील सुमारे ३.३ कोटी बिंदूंपैकी जेमतेम २०.७ लाख बिंदू नेहमीच्या पद्धतीने काढलेले असतात. सोळापैकी एक. उरलेले पंधरा अंदाजाने भरलेले.

मधल्या फ्रेम भरण्यासाठी कार्डाला पुढची खरी फ्रेम हाती येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे मूळ वेग ३० एफपीएस असेल आणि पडद्यावर १२० दिसत असतील, तर चित्र १२० सारखे सलग भासते, पण माउस हलवल्यावर येणारा प्रतिसाद ३० एफपीएसचाच असतो, किंबहुना किंचित उशिराचा. हा उशीर कमी करण्याचे तंत्र कंपनीने दिले आहे, पण तो नाहीसा होत नाही. वेगवान हालचालीत वस्तूंच्या कडा फाटल्यासारख्या दिसणे, हा दुसरा दोष.

हे तंत्र निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. मूळ वेग ६०-७० असेल आणि मॉनिटर २४० हर्ट्झचा असेल तर त्याचा फायदा स्पष्ट दिसतो. अडचण अशी की ज्याच्याकडे स्वस्त कार्ड आहे, त्याला या मदतीची सर्वाधिक गरज असते आणि मूळ वेग कमी असल्याने तिथेच ती सर्वांत कमी उपयोगी पडते. शिवाय या तंत्रालाही मेमरी लागते. ८ किंवा १२ जीबीच्या कार्डावर ती आधीच तंग असते.

चाचण्यांवर कंपन्यांचा प्रभाव असतो का?

हा वाद जुना आहे. २००१ मध्ये एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० कार्डाचा ड्रायव्हर ‘क्वेक ३’ हा गेम नावावरून ओळखतो, असे हार्डओसीपी या संकेतस्थळाने दाखवून दिले. गेमच्या फाइलमधील ‘क्वेक’ हे नाव बदलून ‘क्वॅक’ केले, तर वेग घटला आणि चित्र मात्र सुधारले. नाव ओळखून ड्रायव्हर चित्राचा दर्जा उतरवत होता आणि त्या बदल्यात वेग मिळवत होता. २००३ मध्ये पाळी एन्व्हिडियाची होती. थ्रीडीमार्क ०३ या चाचणीत कॅमेऱ्याचा मार्ग ठरलेला असतो. त्याला जे दिसणार नाही, ते ड्रायव्हर काढतच नव्हता. चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्कने ही पळवाट बंद करताच जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा या कार्डाचे गुण २४.१ टक्क्यांनी घटले. त्याच तपासात एटीआयच्या कार्डाचे गुणही १.९ टक्क्यांनी उतरले. केवळ मोजमापासाठी लिहिलेल्या चाचणीपेक्षा खऱ्या गेममध्ये खेळून मोजणे बरे, हा विचार अशा प्रकरणांतून बळावला.

आता वाद ड्रायव्हरमधील चलाखीपेक्षा चाचणी कशी मांडावी, यावर आहे. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘हार्डवेअर अनबॉक्स्ड’ला एन्व्हिडियाने कळवले, की तुम्ही रे ट्रेसिंगला पुरेसे महत्त्व देत नसल्याने यापुढे कंपनीची कार्डे चाचणीसाठी मिळणार नाहीत. टीकेचा भडिमार झाल्यावर काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० टीआयच्या ८ आणि १६ जीबी अशा दोन आवृत्त्या आहेत. चाचणीकारांकडे प्रामुख्याने १६ जीबीची पोहोचली आणि ८ जीबीची अनेकांना दुकानातून विकत घ्यावी लागली. त्यानंतर १९ मे रोजी २९९ डॉलरचे आरटीएक्स ५०६० आले. त्याचा ड्रायव्हर बहुतेकांना विक्री सुरू होईपर्यंत दिला गेला नाही. काही निवडक माध्यमांना तो आधी मिळाला, पण गेम, सेटिंग आणि तुलनेची जुनी कार्डे ठरवून दिलेली होती. चौपट फ्रेमचे आकडे तक्त्यांत यावेत यासाठी अभियंत्यांच्या मुलाखतींचा वापर दबावासारखा केला गेला, असा आरोप अमेरिकेतील ‘गेमर्स नेक्सस’ने जाहीरपणे केला. कारण काहीही असो, विक्रीच्या पहिल्या दिवशी ग्राहकासमोर स्वतंत्र आकडे जवळपास नव्हते.

चाचणीतील आकडे घरी का मिळत नाहीत?

कार्डाची ताकद अलग दिसावी म्हणून चाचणीच्या संगणकात बाजारातील सर्वांत वेगवान प्रोसेसर बसवलेला असतो. २०२५ मध्ये तो बहुधा रायझन ७ ९८००एक्स३डी असे. परवडणारे कार्ड घेणाऱ्याकडे मात्र चार-पाच वर्षांपूर्वीचा प्रोसेसर असण्याची शक्यता अधिक. याचा फटका इंटेलच्या आर्क बी५८० ला बसला. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या २४९ डॉलरच्या या कार्डाचे सुरुवातीला कौतुक झाले. काही आठवड्यांनी जुन्या, मध्यम किमतीच्या प्रोसेसरबरोबर ते तपासले गेले तेव्हा अनेक गेममध्ये वेग लक्षणीय घसरलेला आढळला. म्हणजे ज्या ग्राहकासाठी ते बनवले, त्याच्याच संगणकावर ते कमी पडत होते. आरटीएक्स ५०६० संगणकाशी आठ मार्गिकांनीच जोडले जाते. जुन्या मदरबोर्डवर हा रस्ता आणखी अरुंद होतो आणि मेमरी भरल्यावर अडखळणे वाढते.

तापमानाचा विचार तर क्वचितच होतो. चाचण्या साधारणपणे वातानुकूलित खोलीत, २१-२२ अंशांवर घेतल्या जातात. तिथे ६८ अंशांवर राहणारे कार्ड मे महिन्यात नागपूर किंवा जळगावच्या ३५ अंशांच्या खोलीत ढोबळमानाने ८१ अंशांवर जाईल. पंखे जोरात फिरू लागतील आणि ठरावीक मर्यादेनंतर कार्ड स्वतःहून वेग कमी करील. कॅबिनेटमध्ये हवा खेळती नसेल तर हे आणखी लवकर होते.

मोबाइलमध्येही असेच घडते का?

होय. मोबाइलच्या परीक्षणांत ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारखा जड गेम याच कारणासाठी वापरला जातो. सप्टेंबर २०१८ मध्ये यूएल कंपनीने हुआवेचे काही फोन थ्रीडीमार्कच्या यादीतून काढून टाकले. चाचणीचे अॅप ओळखून ते फोन जास्त शक्ती वापरत होते. मार्च २०२२ मध्ये गीकबेंचने सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० पासून एस२२ पर्यंतच्या मालिका वगळल्या. त्या फोनमधील एक सेवा गेम आणि इतर अॅपचा वेग रोखत होती, चाचणीच्या अॅपचा मात्र नाही. त्यानंतर सॅमसंगने ही मर्यादा बंद करण्याची सोय दिली. फोनमध्ये पंखा नसल्याने पहिल्या पाच मिनिटांचा आकडा आणि अर्ध्या तासानंतरचा आकडा यांत मोठा फरक पडतो. म्हणून ‘सर्वोच्च गुण’ पाहण्यापेक्षा २०-३० मिनिटे सलग खेळल्यानंतरचा वेग पाहणे उपयुक्त.

ग्राहकांनी काय पाहावे?

लॅमिंग्टन रोडवरचे दुकान असो की ऑनलाइन विक्री, कार्डाच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात एफपीएस असतो. त्यामागची माहिती लहान अक्षरात असते. आधी ती वाचावी. फ्रेम वाढवण्याची सोय चालू होती की बंद, हा पहिला प्रश्न. चालू असल्यास दुप्पट की चौपट, आणि ज्या कार्डाशी तुलना केली त्याला तीच सूट दिली होती का, हा दुसरा. मूळ वेग ५०-६० च्या खाली असेल तर वाढवलेला आकडा विचारात घेऊ नये.

त्यानंतर आपल्या मॉनिटरचे रिझोल्युशन पाहावे. १०८०पी, ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर ४के पाथ ट्रेसिंगच्या तक्त्याचा काहीच उपयोग नाही आणि ६० च्या वरच्या बहुतेक फ्रेम दिसणारही नाहीत. अशा वेळी आधी मॉनिटर बदलणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते. सरासरीबरोबर १ टक्का लो दिला आहे का, आपल्याकडे असलेल्या किंवा त्याच्या जवळच्या प्रोसेसरवर कुणी चाचणी घेतली आहे का, हेही पाहावे. कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे असेल तर मेमरीत काटकसर करू नये. ड्रायव्हर पुढे सुधारतो, मेमरी नंतर वाढवता येत नाही. ५०६० टीआयच्या ८ आणि १६ जीबीच्या आवृत्त्यांत कंपनीच्या जाहीर किमतीनुसार ५० डॉलरचा फरक आहे. खोक्यावरचे नाव मात्र एकच. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी खोक्यावर जीबीचा आकडा तपासावा.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे थांबणे. विक्रीच्या पहिल्या दिवशी कंपनीने निवडलेले आकडे असतात. आठ-दहा दिवसांत दुकानातून विकत घेतलेल्या कार्डांच्या चाचण्या येतात आणि जुन्या प्रोसेसरवरचे निकाल त्यानंतर. बी५८० आणि ५०६० या कार्डांबाबत असेच काहीसे घडले. पहिल्या दिवशी विकत घेणाऱ्याला जे माहीत नव्हते, ते महिनाभर थांबलेल्याला फुकट कळले.